वाडीतलं जायफळ

आश्लेषाने फूल नखाने उभं चिरलं आणि चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्यांजवळ नेलं. जायफळाचं फूल ते केवढं, हरभऱ्याएवढं. फिकट पिवळं, मेणातून घडवल्यासारखं, तोंड खाली करून लोंबणारं. आत बीजांडकोशाचं इवलंसं गाडगं दिसलं तर झाड मादी. इथे गाडगं नव्हतं. मधोमध बारीक खांब होता आणि त्याला परागांची पूड लागलेली होती.

"नर," ती म्हणाली.

मागे काठी टेकून उभे असलेले तिचे सासरे, शरच्चंद्र अप्पा, पुढे वाकले. "नीट बघ. तुला हल्ली जवळचं दिसत नाही."

"नीटच बघितलंय, अप्पा. एकेका देठाला केवढा घोस आहे बघा. मादीझाडाला एकटंदुकटं फूल येतं. हे पाचवं नर."

"पहिला बहर फसवा असतो," अप्पा म्हणाले आणि घराकडे चालू लागले.

पहिला बहर फसवा असतो हे त्यांनी आत्ता, या क्षणी, जागच्या जागी तयार केलं होतं. आश्लेषाला ते कळलं, आणि तिला ते कळलंय हे अप्पांनाही कळलं. तरी ते वाक्य आता घरात कायमचं राहायला आलं होतं. फूल मुठीत चुरगळून तिने फेकून दिलं. हाताला वास तेवढा राहिला.

झाडं सहा होती. पाच नर निघाली आणि सहावं अजून फुलायचं होतं. हे सगळं होणार हे आश्लेषाने झाडं लावण्याआधीच सांगितलं होतं, हेच तिचं खरं दुखणं होतं.

दिवेआगरच्या त्यांच्या वाडीत अप्पांच्या वडिलांनी लावलेलं जायफळाचं एक थोरलं झाड होतं. सुपाऱ्यांच्या सावलीत वाढलेलं, बारा महिने हिरवंगार. जायफळाची मुळं वरच्यावर असतात, खोल जात नाहीत. निसर्ग वादळ आलं त्या दुपारी आधी सुपाऱ्या मोडल्या आणि मग आडोसा गेलेलं ते झाड मुळांसकट आडवं झालं. फळं त्यावर तशीच होती, पिकायला आलेली. वाऱ्याने घराची अर्धी कौलं नेली होती, वीज नव्हती, आणि अप्पा चिखलात बसून बिया निवडत होते. गोल बी वेगळं, लांबट बी वेगळं.

"गोल ते मादीचं," ते म्हणाले होते. "लांबट फेकून दे."

"बी बघून कळत नाही, अप्पा. झाड फुलल्याशिवाय कुणालाच कळत नाही, आणि फुलायला पाच-सहा वर्षं जातात. बियांची झाडं निम्मी नर निघतात. त्यापेक्षा दापोलीहून मादीझाडाची कलमं आणू या."

"माझ्या वडिलांच्या झाडाचं बी टाकून द्यायचं आणि दापोलीला जायचं?"

नवरा, देवव्रत, तेव्हा कौलांवर ताडपत्री बांधत होता. तो वरूनच म्हणाला, "लावू दे ना त्यांना. झाड ते झाड." देवव्रत म्हसळ्याला बँकेत होता. दोघांच्या मध्ये पडायची वेळ आली की तो नेहमी कुठेतरी वर, बाहेर किंवा फोनवर असायचा.

आश्लेषा बोर्ली पंचतनच्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत होती. दरवर्षी फुलाचा धडा यायचा. नर फूल, मादी फूल, काही झाडांत दोन्ही एकाच झाडावर, काहींत वेगवेगळ्या झाडांवर. उदाहरण म्हणून ती पपई सांगायची आणि जायफळही. मुलं लिहून घ्यायची, परीक्षेत लिहायची. तेच घरी सांगितलं की त्याला 'पुस्तकी' म्हणत.

बरं, गोष्ट नुसत्या झाडांची असती तर तिने सोडूनही दिली असती. पण अप्पांच्या जायफळाला पंचक्रोशीत नाव होतं. बाळ रात्रभर किरकिरतंय, पोट बिघडलंय, म्हाताऱ्या माणसाला झोप येत नाही, सर्दीने कपाळ ठणकतंय, की लोक अप्पांकडे यायचे. अप्पा ओसरीवर सहाण घेऊन बसायचे आणि प्रत्येकाला करून दाखवायचे. तान्ह्याला आईच्या दुधात एक, फार तर दोन वळसे. मोठ्याला कोमट दुधातून चिमूटभर. कपाळावर पाण्यात उगाळून लेप. मग अख्खं जायफळ हातावर ठेवायचे आणि कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचे नाहीत. "बाजारातल्याला हा गुण न्हाय," असं लोक म्हणायचे आणि अप्पांची मान थोडी ताठ व्हायची.

पडलेल्या झाडाची जायफळं दोन वर्षं पुरली. त्यानंतर डबा रिकामा झाला आणि लोकांचं येणं चालूच राहिलं. एके सकाळी आश्लेषा शाळेला निघताना अप्पा फाटकापर्यंत आले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "येताना बोर्लीहून थोडी जायफळं आण."

"लोकांना द्यायला?"

"आपली झाडं धरेपर्यंत. लोकांना परत कसं पाठवायचं?"

तेव्हापासून शाळा सुटल्यावर बाजारातून जायफळं आणायचं काम तिच्याकडे आलं. संध्याकाळी ओसरीवरून ऐकू यायचं, "अप्पा, तुमच्या वाडीतल्या जायफळाची गोष्टच येगळी." आणि आत स्वयंपाकघरात आश्लेषा भांडी जरा जास्तच आपटायची.

"सांगून टाका ना एकदा," ती म्हणायची.

"जायफळ ते जायफळ," अप्पा म्हणायचे.

बी निवडताना ते त्यांच्या वडिलांच्या झाडाचंच हवं होतं, आणि लोकांना देताना जायफळ ते जायफळ.

*

पाचवं झाड नर निघालं त्या दिवाळीत आश्लेषाने शेवटचा प्रयत्न करायचं ठरवलं. नर झाड वाया जात नाही. ते छातीच्या उंचीवर कापायचं, खाली नवे फुटवे येतात, आणि पावसाळ्यात त्या फुटव्यांवर मादीझाडाचे डोळे भरायचे, म्हणजे त्याच्या काडीवरचा कोंब सालीत बसवून पट्टीने बांधायचा. खोड नराचं, फांद्या मादीच्या. एक नर तेवढा तसाच ठेवायचा, परागांसाठी. तीन-चार वर्षांत फळं.

जेवताना तिने हे सांगितलं. अप्पांनी ताकाची वाटी खाली ठेवली. "पोरासारखी वाढवलेली झाडं कापायची?"

"अप्पा, त्यांना जन्मात फळ येणार नाही."

"तू देव आहेस?"

देवव्रतने ताटावरून मान वर केली नाही. आश्लेषाने त्याला टेबलाखालून पाय मारला. तेव्हा तो म्हणाला, "अप्पा, एखाद्या झाडावर करून बघायला काय हरकत आहे?"

महिनाभर धुसफूस चालली आणि शेवटी अप्पा उदार झाले. गोठ्यामागची दोन झाडं तिला दिली. "प्रयोग कर तुझा. बाकीच्यांना हात लावायचा नाही." धर्माजी, जो आतल्या गावातून वाडीत कामाला यायचा, त्याने करवत चालवली. कापलेल्या खोडातून रक्तासारखा तांबडा चीक ओघळला. अप्पा तिथे उभे होते. ते आत गेले आणि दोन दिवस आश्लेषाशी बोलले नाहीत.

त्यातच एप्रिलात विहिरीजवळच्या झाडाने घात केला. ते नर होतं, तिने स्वतः चार वेळा फुलं चिरून बघितलेलं. त्याच्याच एका फांदीवर पानाआड पाच-सहा हिरवी फळं लोंबत असलेली अप्पांनी शोधून काढली. त्यांनी धर्माजीला बोलावलं, शेजाऱ्यांना बोलावलं, देवव्रतला बँकेत फोन केला. आणि आश्लेषा शाळेतून आल्यावर तिला हाताला धरून विहिरीवर नेलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिचा हात कधी धरला नव्हता.

"नर ना हे?"

"असं होतं कधीकधी, अप्पा. काही नर झाडं थोडी मादी फुलं देतात, मूठभर फळं धरतात. मी तुम्हाला पहिल्याच वर्षी..."

"अभ्यास कमी पडला तुझा. पहिला बहर फसवा असतो, हे मी सांगितलं होतं की नाही? आता हळूहळू सगळी बदलतील."

"सगळी बदलत नाहीत."

"हे बदललं ना?"

धर्माजी मान हलवत म्हणाला, "व्हय, फळं तर हायत." शेजारी हसले. संध्याकाळी देवव्रतही हसला आणि म्हणाला, "म्हाताऱ्याने जिंकलं बुवा!" आश्लेषा त्या रात्री जेवली नाही. तिचं म्हणणं चुकलं नव्हतं, एका अक्षराने चुकलं नव्हतं. पण त्या पाच-सहा फळांपुढे तिचं वीस वर्षांचं शिकवणं कुणी हिशेबात धरायला तयार नव्हतं. खरी गोष्ट सांगायला चार वाक्यं लागत होती आणि अप्पांना नुसतं बोट दाखवायचं होतं.

त्याच सुमारास दुसरं एक कुरबुरीचं कारण निघालं. लोक म्हणू लागले, हल्ली गुण येत नाही. अप्पा तिच्यावरच उखडले. "काय आणतेस बघत नाहीस का? हलकी, पोकळ जायफळं. तेल काढून घेतलेली."

"मग लोकांना काय सांगता?"

"सांगतो, थोडं जास्त उगाळा."

आश्लेषाला खरं तर त्याच वेळी थांबायला हवं होतं. पण ती चिडलेली होती, आणि चिडलेल्या माणसाला बरोबर ठरण्याची घाई असते. पुढच्या खेपेला तिने दुकानात उभं राहून एकेक जायफळ हातात घेतलं, वजन बघितलं, सुई टोचून तेल येतं का ते बघितलं. दुकानदार वैतागला. तिने वेचून अगदी भारी, तेलाने भरलेली जायफळं आणली आणि अप्पांपुढे ठेवली. "घ्या. यांना गुण आला नाही तर मला सांगा."

*

जुलैत गोठ्यामागच्या दोन्ही खुंटांवर पेन्सिलीएवढे जाड, हिरवे फुटवे तयार झाले. पाऊस होता, हवा दमट होती, डोळे भरायला याहून चांगले दिवस नव्हते. मुरुडकडे एका सहशिक्षिकेच्या माहेरी जायफळाचं उत्तम मादीझाड होतं. रविवारी देवव्रत गाडीने नेणार होता. शनिवारी संध्याकाळी त्याला आठवलं की रविवारी बँकेत ऑडिटचं काम आहे.

"पुढच्या रविवारी जाऊ," तो म्हणाला.

"पुढच्या रविवारी फुटवे निबर होतील."

"तू उगीच टोकाला जातेस."

ती एकटीच स्कूटरवर निघाली. दिघीला फेरीबोटीत स्कूटर चढवली, रेनकोटमध्ये घामाने भिजत खाडी ओलांडली, आगरदांड्याला उतरून पुढे गेली. झाडाच्या शेंड्याकडच्या सरळ वाढणाऱ्या काड्याच हव्या होत्या; बाजूच्या फांदीची काडी घेतली तर पुढे झाड वर न जाता आडवं पसरतं. त्यासाठी एक माणूस शिडीवर चढवावा लागला. काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर प्लास्टिक बांधून तिने डिकीत ठेवल्या. परतताना फेरीबोटीच्या कठड्याला टेकून ती उभी राहिली तेव्हा कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. आज संध्याकाळपर्यंत डोळे भरून होतील. कुणाला काही पटवायचं नव्हतं.

ती फाटकातून आत आली तर अंगणात रिक्षा उभी होती. ओसरीवर नूतन बसली होती. नूतन तिची जुनी विद्यार्थिनी, आतल्या एका गावात दिलेली. पाच महिन्यांचं बाळ तिच्या मांडीवर होतं आणि शेजारी तिची सासू सोनाबाई. अप्पा सहाण पुढ्यात घेऊन बसले होते, पण हात थांबलेला होता.

"मॅडम, हा उठतच न्हाय," नूतन म्हणाली. "सकाळपासनं दूध घेतलं न्हाय. हलवला की डोळे उघडतो नि परत मिटतो."

आश्लेषाने बाळाच्या गालाला हात लावला. तोंड लालसर झालेलं होतं, ओठ कोरडे पडलेले. "काय दिलंस त्याला?"

"जायफळच. पोट बिघडलंय म्हणून. अप्पांनी दिलेलं."

"किती?"

नूतनने सासूकडे पाहिलं. सोनाबाई म्हणाली, "आधी दोन येढे देत होतो. गुण येईना. अप्पा बोलले जास्त उगाळा, तवापासनं सात-आठ. दिवसातनं तीन येळा. मागलं संपलं म्हणून परवा नवीन नेलं, तेपण तसंच दिलं."

परवाचं नवीन म्हणजे तिने वेचून आणलेलं. पोकळ जायफळाचे आठ वळसे आणि तेलाने भरलेल्या जायफळाचे आठ वळसे, यांतला फरक अप्पांनी कुणाला सांगितला नव्हता, कारण फरक सांगायचा तर बाजाराचं नाव काढावं लागलं असतं. आणि तिनेही सांगितला नव्हता.

"उठ. डॉक्टरकडे चल. अप्पा, तुम्हीही चला."

"मी कशाला?"

"चला म्हणते ना!"

इतक्या मोठ्या आवाजात ती या घरात कधी बोलली नव्हती. अप्पा मुकाट्याने रिक्षात बसले. आश्लेषा तशीच स्कूटरवर मागून निघाली.

बोर्लीच्या डॉक्टरांनी बाळाला तपासलं, सलाइन लावलं आणि मग एकेक विचारायला सुरुवात केली. "जायफळ दुकानातलं की झाडाचं? जुनं की ताजं?"

"वाडीतलं," नूतन लगेच म्हणाली. "अप्पांच्या झाडाचं."

आश्लेषाने अप्पांकडे पाहिलं. अप्पा भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होते. तिने वाट पाहिली. तक्ता संपला, भिंत संपली, अप्पा बोलले नाहीत. मग तिने डॉक्टरांना दाराबाहेर नेऊन खरं काय ते सांगितलं, आधीचं कसलं होतं आणि परवाचं कसलं. डॉक्टर म्हणाले, "जायफळाने गुंगी येते हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त झालं तर विष होतं, हे कुणाला माहीत नसतं. याला आज इथेच ठेवू या."

दिवेलागणीला बाळाने डोळे उघडले, हातपाय झाडले आणि कळवळून रडायला लागलं. नूतनने त्याला छातीशी धरलं आणि तीही रडली. सोनाबाईने अप्पांना वाकून नमस्कार केला. "तुमच्या पुण्याईनं वाचला," ती म्हणाली.

अप्पांच्या! आश्लेषा बाहेर जाऊन पायरीवर बसली. समोर तिची स्कूटर उभी होती. दुपारी पाऊस थांबून कडक ऊन पडलं होतं आणि ते सगळं ऊन डिकीने खाल्लं होतं. तिने गोणपाट उलगडलं. पानं गळून पडली होती, साल सुरकुतली होती, काड्या काळवंडल्या होत्या. बाळ वाचलं होतं. काड्यांसाठी डोळ्यांत पाणी यावं, याची तिला लाज वाटली. आलं मात्र.

*

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा विहिरीजवळचं झाड पडलं होतं.

धर्माजी करवत पुसत उभा होता. झाड पार बुंध्यातून कापलेलं होतं, चीक वाहून माती तांबडी झाली होती. फांद्यांच्या पसाऱ्यात ती फळं पिकून उकललेली दिसत होती. पिवळ्या सालीच्या फटीतून लालभडक जायपत्री आणि तिच्या जाळीतून चकचकणारं काळसर बी.

"कुणी सांगितलं हे?"

"अप्पांनी. बोलले, सगळी काढून टाक, एकपण नको. मी एकच काढलं, तोवर दुपार झाली."

"याला हात लावायचा नव्हता रे धर्माजी! हाच तर ठेवायचा होता परागांना."

"मला काय म्हाईत, वैनी."

त्याला खरंच काय माहीत. ती तरातरा आत गेली. अप्पा त्यांच्या खोलीत दाराकडे पाठ करून पडले होते.

"अप्पा, का कापलंत?"

"तूच म्हणत होतीस कापा."

"मी छातीच्या उंचीवर म्हणत होते! आणि हे झाड सोडून!"

"या झाडाने मला तोंडघशी पाडलं. नको ती जायफळं आणि नको ती झाडं."

"झाडाने पाडलं?"

आश्लेषा दारात उभी राहिली. वर्षभर ती ही झाडं कापा म्हणून भांडत होती. आता उरलेली कापू नका म्हणून भांडायची पाळी आली होती. माणूस तोच, हट्ट तोच, फक्त तोंड फिरलेलं. तिने धर्माजीला सांगितलं की तिला विचारल्याशिवाय करवत वाडीत आणायची नाही. मग पडलेल्या फांद्यांमधून फळं गोळा केली, स्वयंपाकघरात बसून सालींच्या बारीक फोडी केल्या आणि मीठ लावून लोणचं घातलं. विळीवर हात इतका जोरात चालत होता की देवव्रत घरी आला तो स्वयंपाकघराच्या दारातूनच परत फिरला.

"इकडे ये," ती म्हणाली. "येत्या शनिवारी मुरुडला जायचंय. गाडी तू चालवायची. काम निघालं तर रजा टाकायची. मी विचारत नाहीये."

देवव्रत आला. अप्पा आले नाहीत. पुन्हा तीच फेरीबोट, तीच शिडी. फुटवे थोडे निबर झालेच होते. तिने दोन्ही खुंटांवर मिळून बारा डोळे भरले. महिन्याभरात नऊ काळे पडले. तीन हिरवे राहिले.

अप्पांनी जायफळ द्यायचं बंद केलं. येणाऱ्याला ते सांगायचे, "आता नाही. डॉक्टरकडे जा." का नाही, ते सांगायचे नाहीत. लोकांनी कारण आपल्या मनाने लावून घेतलं. बोर्लीच्या बाजारात मासे घेताना एका बाईने आश्लेषाला ऐकवलंच, "चांगला धरम चालला होता म्हाताऱ्याचा. सुना शिकल्या की असंच."

घरी येऊन तिने अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, "लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

"लोकांचं राहू दे. तुमच्या तोंडाचं बोला."

ऑगस्ट गेला, गणपती आले आणि गेले. एके दुपारी नूतन आली, बाळाला कडेवर घेऊन. बाळ चांगलं गुटगुटीत झालं होतं. आश्लेषा आत पीठ मळत होती. ओसरीवरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"जावेला मुलगी झालीय, अप्पा. लय रडते. एक जायफळ द्या. दोनच येढे देऊ, जास्त न्हाय. एवढ्याला न्हाय नका बोलू."

पिठातला आश्लेषाचा हात थांबला.

"मी दिलं असतं गं," अप्पा म्हणाले. "सूनबाई नको म्हणते."

पिठाच्या हातानेच ती बाहेर आली. नूतन उठून उभी राहिली. अप्पांनी चष्मा पुसायला घेतला.

"पूर्ण सांगा, अप्पा," आश्लेषा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढवण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं. "मी इथेच उभी आहे. तुम्ही सांगेपर्यंत पोळ्या होणार नाहीत."

बाळ अप्पांच्या काठीकडे हात करत होतं. अप्पांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"नूतन, झाड वादळात पडलं," ते म्हणाले. "दोन वर्षांनी डबा संपला. त्यानंतर दिलं ते सगळं बाजारचं. ही आणायची, मी द्यायचो. तुला पहिलं दिलं ते पोकळ होतं, म्हणून जास्त उगाळायला सांगितलं. नंतरचं भारी होतं, ते सांगितलं नाही. चूक माझी होती. हिची नाही."

नूतन एकदा अप्पांकडे आणि एकदा मॅडमकडे बघत राहिली. तिने बाळ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. आश्लेषाला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडायलाच हवं होतं.

"पण अप्पा," नूतन म्हणाली, "माझ्या दिराच्या पोराला तर त्याच जायफळानं गुण आला होता."

अप्पांनी आश्लेषाकडे पाहिलं. त्या नजरेत पुन्हा ती जुनी, थोडीशी ताठ चमक आली होती. ती आश्लेषाने ओळखली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"येणारच गुण," ती म्हणाली. "जायफळात औषध आहेच गं. वाडीतलं असो नाहीतर बाजारातलं. म्हणूनच मोजूनमापून द्यायचं असतं, आणि कुठल्या फळात किती आहे ते घरी बसून मोजता येत नाही. जावेच्या मुलीला डॉक्टरकडे ने. आजच ने."

"बरं, मॅडम," नूतन म्हणाली. पण तिचा चेहरा मोकळ्या हाताने परत जाणाऱ्या माणसाचा होता. फाटकाशी पोचल्यावर तिने वळून एकदा अप्पांकडे पाहिलं, अजून काही मिळेल का म्हणून.

ती गेल्यावर अप्पा म्हणाले, "सांगितलं. झालं समाधान?"

"नाही," आश्लेषा म्हणाली.

ते अप्पांना अपेक्षित नसावं. ते काठी टेकत उठले आणि पायऱ्या उतरून गोठ्यामागे गेले. हा माणूस आता तिथे काय करून ठेवणार, या धास्तीने तीही मागोमाग गेली. अप्पा खुंटाशी वाकून तीन हिरव्या डोळ्यांपैकी एकाकडे बघत होते. त्याला तांबूस, नखाएवढं पान फुटलं होतं.

"हे मादीचं नक्की?"

"नक्की. मादीझाडावरूनच घेतलेत."

"किती वर्षं?"

"तीन. चारही लागतील."

अप्पांनी मनातल्या मनात आपलं वय धरून पाहिलं असावं, कारण त्यांनी लगेच विषय बदलला. "ऊन फार येतंय इथे. सावली हवी याला. सुपारीची झावळी बांध वर."

"शाळेतून आल्यावर बांधणारच होते."

"आत्ता बांध. आणि पट्टी किती आवळून बांधली आहेस! सैल कर जरा."

"सैल केली तर डोळा सुटेल, अप्पा."

"सुटत नाही. माझं ऐक."

आश्लेषाने पिठाचा हात झटकला आणि झावळी आणायला गेली. पट्टी मात्र तिने सैल केली नाही.